माफी कशाची?

प्रेमकथेतल्या दुसऱ्या संधीला आधी एक ताटातूट लागते. दोघं दुरावतात, वर्षं उलटतात, पुन्हा गाठ पडते, आणि मग कुणीतरी कुणाची तरी माफी मागतं. सगळी मेख त्या माफीत असते. माफी कशाची मागितली ते सांगा, कादंबरी कुठल्या पातळीची आहे ते मी सांगते.

शकुंतलेची गोष्ट घ्या. सातव्या अंकात दुष्यंत तिच्या पाया पडतो, पण तोवर कालिदासानं त्याच्या पाठीशी दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी उभी केलेली असते. महाभारतातल्या दुष्यंताला असलं काही निमित्त नव्हतं. त्यानं तिला ओळखलं होतं आणि ओळखूनही भर सभेत नाकारलं होतं. कालिदासानं राजाचा गुन्हा धुऊन काढला, म्हणून माफी सोपी झाली. जेन ऑस्टिन अशी सवलत देत नाही. १८१७ च्या अखेरीस आलेल्या ‘पर्स्वेजन’मध्ये ॲन इलियटनं आठ वर्षांपूर्वी वडीलधाऱ्या बाईचं ऐकून ठरलेलं लग्न मोडलेलं असतं, आणि कॅप्टन वेन्टवर्थचा राग अजून ताजा असतो. चूक तिची, राग त्याचा, आणि दोन्हीचा निवाडा त्या दोघांनीच करायचा.

आता नायिका ट्रान्स स्त्री आहे असं धरा. इथं लेखकाचा कस लागतो आणि बहुतेक जण नापास होतात. तिच्याकडून माफी वसूल केली जाते ती ती बाई असल्याबद्दल. ‘तू मला आधी का नाही सांगितलंस?’ हे वाक्य नायकाच्या तोंडी आलं की गोष्ट तिच्या हातून गेलीच. तिथून पुढे तो न्यायाधीश आणि ती आरोपी.

अलेक्सिस हॉल या ब्रिटिश लेखकाची ‘अ लेडी फॉर अ ड्यूक’ ही २०२२ साली आलेली कादंबरी या परीक्षेत पास होते. म्हणून आजचं सदर तिच्यासाठी.

गोष्ट अशी. १८ जून १८१५, वॉटर्लूची लढाई. इंग्लंडमधल्या एका उमराव घराण्याचा थोरला वारस तिथं मारला गेला, असं सगळे धरून चालतात. खरं तर ती वाचलेली असते. आयुष्यभर पुरुषाच्या नावाखाली घुसमटलेल्या या बाईला रणांगणावर एक दार उघडं सापडतं. जगानं मेलेलं मानलंच आहे, तर मेलेलंच राहू द्यावं आणि आपण आपल्या रूपात जगावं. ती व्हायोला कॅरल होते. किंमत जबर असते. पदवी गेली, जहागीर गेली, दोन्ही धाकट्या भावाकडे गेली. ती आता त्याच्याच घरात वहिनीची सोबतीण म्हणून राहते. त्या काळच्या गरीब नातेवाईक बायकांचं हे ठरलेलं काम. आणि गेला तो बालपणापासूनचा जिवाभावाचा मित्र, ग्रेसवुडचा ड्यूक. तोही त्याच लढाईत होता. पायाला कायमची दुखापत घेऊन परतला, आणि मित्र गेल्याच्या दुःखात अफूच्या अर्कात बुडाला.

दोन वर्षांनी वहिनी तिला नॉर्थम्बरलंडमधल्या त्याच्या गढीवर घेऊन जाते. समोर एक अनोळखी बाई आहे असं त्याला वाटतं. तो कोण आहे हे तिला पुरतं ठाऊक असतं.

हलका लेखक इथं काय करील ते आपल्याला पाठ आहे. शेवटच्या पन्नास पानांपर्यंत गुपित ताणील, मग कुणी दुष्ट माणूस भर मेजवानीत ते फोडील, नायिका पळेल, नायक दारू पिईल. हॉल यांनी हा मार्ग सोडला. ओळख पटण्याचा प्रसंग बराच आधी येतो आणि उरलेली कादंबरी त्यानंतरच्या प्रश्नांना मिळते. ओळख पटल्यावर ग्रेसवुड भडकतो. भडकायलाच हवा. पण कशावरून? ती बाई आहे म्हणून नव्हे. ती जिवंत होती आणि तिनं त्याला तिच्या मरणाचं दुःख करत बसू दिलं, म्हणून. तो ज्या काळोखात होता, तिथून त्याला बाहेर काढणारं एक पत्र ती लिहू शकत होती. तिनं लिहिलं नाही.

हा गुन्हा खरा आहे. कुठल्याही दोन जिवलगांमध्ये घडू शकतो आणि कुणालाही झोंबतो. व्हायोलाला तो कबूल असतो, तिला त्याचं दुःखही असतं. पण व्हायोला होण्याबद्दल ती एका अक्षरानं माफी मागत नाही, आणि तोही मागायला लावत नाही. दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं, एवढंच कादंबरीचं कसब. आणि ते फार मोठं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. व्हायोलाचं जुनं नाव वाचकाला कधीच कळत नाही. ज्यांनी ते नाव घेऊन तिला हाक मारली असेल ती माणसं पानोपानी वावरतात, पण लेखक ते आपल्या हाती देत नाही. वाचकाला ती चौकशी करण्याचा हक्कच नाही. ‘पण मूळ नाव काय?’ असं विचारायची ज्यांना सवय आहे, त्यांनी ही कादंबरी मुद्दाम वाचावी.

आमच्या वाचनगटात या कादंबरीवर बोलताना एक काकू म्हणाल्या, ‘सगळं पटलं गं, पण त्याला फसवल्यासारखं नाही का होत?’ काकू चांगल्या आहेत, मनात कपट नाही. पण ‘फसवलं’ हा आरोप नीट पाहिला पाहिजे, कारण तो फार जुना आहे आणि त्याच्या पाठोपाठ नेहमी एकच गोष्ट येते. तपासणी.

उद्योगपर्वातलं अंबेचं आख्यान आठवा. भीष्मानं पळवून आणलेली अंबा आपल्या पहिल्या प्रेमाकडे, शाल्वाकडे, परत जाते. म्हणजे दुसरी संधी मागायलाच जाते. तो तिला झिडकारतो, तू दुसऱ्यानं जिंकलेली आहेस म्हणतो. पुढच्या जन्मी ती द्रुपदाघरी शिखंडिनी होऊन येते, मुलगा म्हणून वाढवली जाते आणि दशार्णराज हिरण्यवर्म्याच्या मुलीशी तिचं लग्न लावलं जातं. बातमी फुटते. सासरा दूत पाठवतो, मला फसवलं म्हणतो आणि सैन्य घेऊन निघतो. शिखंडी मरायला रानात जातो. तिथं स्थूणाकर्ण नावाचा यक्ष आपलं पुरुषत्व त्याला देतो. आणि मग? सासरा तरुण स्त्रिया पाठवून शिखंडीची तपासणी करवतो. अहवाल अनुकूल आल्यावर त्याचा राग शांत होतो. आपल्या पोरीला काय वाटतं हे विचारल्याचं मला त्या प्रसंगात कुठं सापडत नाही. शिखंडीला महाभारतानं पुढं काम दिलं ते भीष्माच्या वधाचं. सूडासाठी दुसरा जन्म मिळाला, प्रेमासाठी मिळाला नाही.

ही तपासणी आपलीच आहे असंही नाही. ‘त्या काळी इंग्लंडात असले लोक कुठं होते, हे आजचे चोचले लेखकानं मागं नेऊन चिकटवलेत,’ असं म्हणणाऱ्यांसाठी शेव्हालिए द्-एओं यांचं चरित्र पुरेसं आहे. फ्रान्सचे राजनैतिक अधिकारी, हेर, घोडदळातले कप्तान, पट्टीचे तलवारबाज. आयुष्याची शेवटची तीसेक वर्षं ही व्यक्ती बाई म्हणून जगली, त्यातली बरीचशी लंडनमध्ये. १७७० नंतरच्या दशकात लंडनच्या सट्टेबाजांनी या माणसाच्या शरीरावर पैजा लावल्या होत्या. पुरुष की बाई? रकमा इतक्या वाढल्या की १७७७ साली प्रकरण लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या न्यायालयात गेलं. पैज वसूल करायची म्हणून साक्षी झाल्या आणि ज्यूरीनं निकाल दिला की ही बाई आहे. मे १८१० मध्ये, वॉटर्लूच्या पाच वर्षं आधी, द्-एओं लंडनमध्ये हलाखीत वारल्या. तेव्हा शल्यवैद्यांनी मृतदेह तपासला आणि अवयव पुरुषाचे असल्याचा दाखला लिहून दिला. मेल्यावरसुद्धा सुटका नाही. व्हायोलाच्या गोष्टीला इतिहासाचा आधार हवा असेल तर तो हा आहे. आणि ती इतकी भेदरलेली का असते तेही यातून समजावं.

आपल्या कायद्याची वाटही तपासणीच्याच बोळातून गेली. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्यानं ठरवावं, शस्त्रक्रियेची सक्ती नको. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, संसदेत आलेल्या विधेयकात जिल्ह्याजिल्ह्यात छाननी समिती होती. समितीपुढं उभं राहायचं, त्यात एक वैद्यकीय अधिकारी, आणि मग प्रमाणपत्र. पारलिंगी समाज रस्त्यावर उतरला म्हणून २०१९ च्या कायद्यातून ती समिती गेली. पण स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला आणा, ही अट त्या कायद्यात राहिलीच. हिरण्यवर्म्याच्या त्या स्त्रिया, लंडनचे शल्यवैद्य आणि आपली छाननी समिती, तिघांचं काम एकच. माणसाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

म्हणून मला तुतिकोरीनच्या एका जोडप्याचा खटला या कादंबरीच्या शेजारी ठेवावासा वाटतो. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी एका पुरुषानं आणि एका ट्रान्स स्त्रीनं देवळात लग्न केलं. निबंधकानं नोंदणी नाकारली. दोघं मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाकडे गेले आणि २२ एप्रिल २०१९ रोजी निकाल आला की हिंदू विवाह कायद्यातली वधू ट्रान्स स्त्रीही असू शकते, लग्न नोंदवा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये समलिंगी विवाहाचा हक्क नाकारणाऱ्या निकालातही सर्वोच्च न्यायालयानं ट्रान्स स्त्री आणि पुरुष, किंवा ट्रान्स पुरुष आणि स्त्री, यांना चालू कायद्यांखाली लग्न करता येतं, हे मान्य केलं. म्हणजे न्यायालयानं नायिका ओळखली. आमच्या कथाकारांना ती अजून ओळखता येत नाही.

जरा नावं घेऊनच बोलू. ‘चंडीगड करे आशिकी’ हा २०२१ चा हिंदी चित्रपट. हेतू चांगला, हे मी मान्य करते. पण पाहा. मानवी आपलं सत्य सांगते, मनू किळस करतो, शिव्या देतो, मग हळूहळू शहाणा होतो आणि शेवटी दोघं एकत्र येतात. दुसरी संधी मिळाली कुणाला? मनूला, माणूस होण्याची. ती तोवर त्याच्या शिक्षणाचा धडा होऊन थांबली. आणि ती भूमिकाही ट्रान्स नटीला मिळाली नाही.

‘जोगवा’ हा मराठी चित्रपट मला मनापासून आवडतो. राजीव पाटील यांचं काम, उपेंद्र लिमये आणि मुक्ता बर्वे यांचा अभिनय, सगळं अस्सल. पण त्यातला नायक तायप्पा हा पुरुषच आहे. देवीच्या नावानं त्याच्यावर लुगडं लादलेलं आहे आणि पुन्हा पुरुष म्हणून उभं राहणं हीच त्याच्या प्रेमाची वाट आहे. त्या चित्रपटाचा विषय तो होता आणि तो त्यानं चोख मांडला. मात्र लुगडं स्वतःच्या खुशीनं नेसणाऱ्या जोगत्याच्या वाट्याला सुलीसारखी नायिका येईल का, किंवा एखादा तायप्पा येईल का, हे विचारणारा चित्रपट मराठीत यायचा आहे.

अरुंधती रॉय यांच्यासारखी मोठी लेखिका घ्या. ‘द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस’ (२०१७) मध्ये अंजुम ही हिजडा नायिका किती ताकदीनं उभी आहे! कबरस्तानात घर बांधते, पोरकं मूल जवळ करते, जगाला आसरा देते. पण दुरावलेल्या प्रेमिकांनी वर्षांनंतर पुन्हा भेटण्याची गोष्ट तिलो आणि मुसा या दुसऱ्याच जोडीला मिळते. अंजुमच्या वाट्याला कबरस्तान आलं. तिच्या दाराशी तिचं जुनं प्रेम परत आलं असतं तर कादंबरी लहान झाली नसती.

या सगळ्याचं मूळ मला आपल्या पुस्तकांच्या कपाटात दिसतं. पारलिंगी माणसांचं भारतातलं लेखन म्हटलं की काय आठवतं? लिव्हिंग स्माइल विद्या यांचं ‘आय ॲम विद्या’, ए. रेवती यांचं ‘द ट्रुथ अबाउट मी’, लक्ष्मी त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’. सगळी आत्मकथनं. ती हवीच होती आणि त्यांनी मोठं काम केलं. पण प्रकाशकांनी त्यातून भलताच धडा घेतला. पारलिंगी व्यक्तीनं आपलं हाल झालेलं आयुष्य सांगावं, घर सोडल्याचं सांगावं, सिग्नलवरचं सांगावं, आणि आम्ही डोळे पुसत ते छापावं. तिनं कल्पनेतून दोन माणसं घडवली, त्यांना रुसवलं, हसवलं, तर ते हस्तलिखित बाजूला पडतं. अनुभव हवा, कल्पना नको. हा सरळ अन्याय आहे. दलित लेखकांनी हा जाच कित्येक वर्षं सोसलाय, आता तोच यांच्या माथी.

‘अ लेडी फॉर अ ड्यूक’ निर्दोष नाही. शेवटच्या भागात ड्यूकच्या धाकट्या बहिणीचं अपहरण होतं, धावाधाव होते, पिस्तुलं निघतात, आणि इतका वेळ दोन माणसांमध्ये जो नाजूक तोल सांभाळला होता तो घोड्यांच्या टापांखाली जातो. मला ती पानं नको होती. व्हायोलाला भाऊ आणि वहिनी समजूतदार मिळाले, घर श्रीमंत मिळालं, ही सोयही आहेच. तिची जागा घरातल्या एखाद्या मोलकरणीची असती तर वॉटर्लूहून परत यायला तिला कुठलं घर होतं? पण कादंबरी वारसाचा प्रश्न टाळत नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. ड्यूकला मूल हवं, गादी चालायला हवी, आणि हे आपल्याकडून होणार नाही, ही व्हायोलाची भीती खरी आहे. तिच्यावर प्रेम आहे म्हणून ती भीती विरघळत नाही. दोघांना बसून बोलावं लागतं. आपल्याकडे ‘पण मूलबाळ?’ या दोन शब्दांत कितीतरी लग्नं संपवली जातात, ट्रान्स नसलेल्या बायकांचीसुद्धा. त्या बायकांनाही हे प्रकरण आपलं वाटेल.

तिचं नावही हॉल यांनी अचूक निवडलं आहे. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्थ नाइट’मधली व्हायोला जहाज फुटल्यावर पुरुषी कपडे घालून स्वतःला लपवते. इथल्या व्हायोलाचा वेष होता तो सैनिकाचा गणवेश. तो उतरला तेव्हा ती दिसली.

आता विनंती दिवाळी अंकांच्या संपादकांना. दरवर्षी तुम्ही एखाद्या पारलिंगी कार्यकर्तीला फोन करता आणि ‘तुमचा संघर्ष लिहून द्या’ म्हणता. यंदा तसं म्हणू नका. प्रेमकथा मागा. मानधन इतर कथाकारांइतकंच द्या, अंकात ती कथा विभागात घ्या, ‘विशेष’ अशी चौकट नको. माझी फर्माईश विचाराल तर नायिका चाळिशीची असावी. कोल्हापुरात किंवा इचलकरंजीत तिचं स्वतःचं शिवणकामाचं दुकान असावं. नायक तिचा शाळासोबती, पंधरा वर्षांनी पुण्याहून परतलेला, घटस्फोटित, जरा आडमुठा. ती ट्रान्स आहे हे गावाला माहीत, त्याला माहीत, वाचकाला पहिल्याच पानावर माहीत. भांडण दुसऱ्याच कशावरून तरी झालेलं असावं. त्यानं तिचे उसने पैसे बुडवले असतील, तिच्या आईच्या मयताला तो आला नसेल, किंवा तिनं त्याच्या लग्नात येऊन काहीतरी लागट बोललेलं असेल. ते लेखिकेनं ठरवावं. अंक निघेल तेव्हा मला कळवा, मी विकत घेऊन वाचीन.